टायपिस्टबाईंच्या तीन कोंबड्या

पालिकेच्या कचेरीत बाईंनी बत्तीस वर्षं टायपिंग केलं. 'आपणांस कळविण्यात येते की' हे शब्द बोटांत इतके मुरले होते की ते उमटवताना त्या खिडकीबाहेर बघत असायच्या. लग्न राहून गेलं ते गेलंच. निवृत्त झाल्यावर त्यांनी थोरल्या भावाला तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. दादा गवंडी. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून एक पाय कामातून गेलेला, आणि मग हळूहळू डोकंही दगा देऊ लागलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. हूं नाही की चूं नाही.

एका सकाळी कोपऱ्यावर कोंबड्यांचा टेम्पो कलंडला. पिंजरे फुटले, कोंबड्या सैरावैरा पळाल्या. त्यातल्या तीन बाईंना मागच्या अंगणात टाकीआड दडलेल्या सापडल्या. दोन तांबड्या, एक काळी, पायाने अधू. बाई तशाच टेम्पोवाल्याला शोधत गेल्या. तो कपाळाला रुमाल बांधून फुटपाथवर बसला होता.

"ठेवा हो तुम्हालाच," तो म्हणाला. "इथे अख्खी गाडी आडवी झालीय, तीन कोंबड्यांचं काय घेऊन बसलात!"

बाई परतल्या तर दादा अंगणाच्या पायरीवर, आणि काळी त्याच्या तळहातावरचे तांदूळ टिपतेय.

दुसऱ्या दिवशी त्याने पलंगाखालून थापी आणि ओळंबा काढला. पडक्या कुंपणाच्या विटा गोळा करून चार दिवसांत खुराडं उभं केलं. दर दोन थरांनी ओळंबा सोडून भिंत सरळ आहे का ते बघायचा.

"दादा, कोंबड्यांसाठी एवढं कशाला रे?"

"भिंत ती भिंत," दादा म्हणाला. वर्षभरात ऐकलेले हे त्याचे पहिले शब्द. बाई आत जाऊन चुलीपाशी उगाचच भांडी हलवत राहिल्या.

सकाळी आता तो स्वतःहून उठे. कोंबड्या सोडणं, पाणी बदलणं, खुराडं झाडणं. एक तांबडी सतत बाकीच्यांच्या मागे मागे फिरून त्या काय उकरतात ते बघायची. तिचं नाव त्याने 'सुपरवायझर' ठेवलं आणि स्वतःच हसला.

शहरात कोंबड्या पाळायला मनाई आहे हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. तो नियम त्यांनीच टाइप केला होता, तीन प्रतींत. आयुष्यात कधी बसचं तिकीट चुकवलं नव्हतं त्या बाईने. पण या वेळी त्यांनी चौदा महिने डोळ्यांवर कातडं ओढलं.

मग दाराला नोटीस लागली. सात दिवसांत पक्षी हलवा. तक्रार वरच्या मजल्यावरच्या नर्सची होती.

बाई कचेरीत गेल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेला कारकून आता साहेब झाला होता. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"बाई, तुम्हाला मी काय नियम सांगणार? एकच वाट आहे. तक्रार मागे घेतल्याचं लिहून आणा. फाईल बंद करतो."

बाईंनी घरी येऊन मजकूर नीट लिहिला, सहीपुरती जागा सोडली आणि दुपारी वर गेल्या. नर्सने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आत खिडकीला पुठ्ठा ठोकलेला, त्यावर घोंगडी. कापसाचे बोळे उशीपाशी पडलेले.

"काकू, मला वाईट वाटतं हो," ती म्हणाली. "आजोबांना मी बघते ना अंगणात. पण रात्रपाळी करून मी आठला येते, आणि साडेआठला एखादी कोंबडी अंडं घालून ओरडते, की तिघींचा गलका सुरू. परवा इंजेक्शन भरताना दुसरीच बाटली उचलली मी. वेळेवर दिसलं म्हणून." तिने डोळे चोळले. "लहान मुलगी होती पेशंट."

बाईंनी कागदाची घडी मुठीत आवळली.

"झोप तू," त्या म्हणाल्या आणि खाली आल्या.

दादाला सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्याने ऐकलं, वाद घातला नाही. शहराची हद्द संपते तिथे दूधवाल्याचा गोठा होता. दूधवाला कोंबड्या न्यायला तयार झाला. सहाव्या दिवशी तो टोपली घेऊन आला तेव्हा दादाने एकेकीला स्वतः धरून आत ठेवलं.

"काळीला उंच चढवू नका. पाय दुखतो तिचा. सुपरवायझरला आधी दाणे टाका, नाहीतर ती कुणालाच खाऊ देत नाही. आणि पाणी रोज बदला. रोज." एवढं तो एका दमात बोलला. दूधवाल्याने टोपलीवर फडकं बांधलं आणि मान डोलावली.

पुढे सात महिने दर मंगळवारी बहीणभाऊ शेवटच्या थांब्यापर्यंत बसने जात. दादा गोठ्याच्या दाराशी स्टुलावर बसे, काळी त्याच्या पायांत येई. मग त्याला बसची पायरी चढवेना. नंतर नंतर आठवणही सुटत गेली.

बाई अजून मंगळवारी एकट्याच जातात. परतल्यावर त्याच्या पलंगाशी बसून सगळं सांगतात. काळी खुडूक होऊन अंड्यांवर बसलीय, सुपरवायझर गाईच्या पायांत लुडबुडते.

"कोणाच्या गं कोंबड्या?" दादा विचारतो.

"तुझ्या," बाई म्हणतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगतात.