मुक्कामी गाडीचा पाहुणचार

तळवड्याला पहिली बस सकाळी साडेसातला यायची आणि चिंचवडची पहिली शिफ्ट सातला सुरू व्हायची. म्हणजे बस होती, पण आम्हाला उशीर झालाय हे सांगायला तेवढी यायची. मी तेव्हा चिंचवडच्या एका कारखान्यात विजेची बटणं जुळवायचे, टेम्पररी. नवऱ्याची कंपनी बंद पडून तो घरी बसलेला, दोन मुलं, सासू. सहा महिन्यांत तीन लेट मार्क पडले की परमनंट होणं विसरायचं, असा कारखान्याचा नियम. म्हणून मी अंधारातच मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचे, दिसेल त्या ट्रकला हात करायचे आणि वाटेत साऱ्या जगाला शिव्या घालायचे.

मग गावानं अर्ज केला. शेवटची बस गावातच मुक्कामाला ठेवा, म्हणजे सकाळी सहाला निघेल. डेपोतून एक साहेब पाहणीला आले. गाडी वळायला जागा आहे का ते पाहिलं, विहिरीचं पाणी चाखलं आणि अट लिहिली: ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपण्याजेवण्याची सोय गावानं समाधानकारक करावी. तो 'समाधानकारक' शब्द सरपंचांनी फारच मनावर घेतला.

"सायेब, जावयासारखं ठिवू त्यास्नी," ते म्हणाले.

चूक झाली ती इथंच. माणसाला जावयासारखं ठेवलं की तो जावयासारखा वागायला लागतो.

जेवणाच्या पाळ्या लागल्या, दर घराला दोन दिवस. पहिल्या घरानं कोंबडी कापली, त्यामुळे दुसऱ्यालाही कापावी लागली. शाळेच्या खोलीत नवी गादी पडली. पहाटे कोंबडा आरवतो म्हणून झोपमोड होते, असं ड्रायव्हर सहज बोलून गेला, तर शाळेशेजारचा कोंबडा कुरुळीच्या पाहुण्यांकडे रवाना झाला. मग पहाटे कुणालाच जाग येईना. उठल्यावर ऊन पाणी, अंघोळ, चहा, पोहे. एवढं होतंय तोवर आणखी कुणाच्या तरी घरचा चहा घ्यायचा राहिलेला असायचा. सहाची गाडी सव्वासहाला, कधी साडेसहाला हलायची. गाव खूश होतं, ड्रायव्हर खूश होता आणि मला दोन लेट मार्क मिळाले होते.

"आबा, पाहुणचार जरा कमी करा," मी सरपंचांना म्हणाले.

"गाडी बंद पाडतीस व्हय गं गावाची?" ते माझ्यावरच उखडले.

माझे सहा महिने भरायला चार दिवस उरले आणि पाळी आमच्या घरावर आली. घरात वांगी होती. मी वांग्याची भाजी केली, भाकऱ्या थापल्या, ठेचा वाटला. कंडक्टर पोटभर जेवला. ड्रायव्हर अर्ध्या भाकरीवर उठला. आदल्या घरी त्याला कोंबडी होती.

सकाळी गाडी पारापाशी उभी. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलेला, इंजिन बंद. कंडक्टर खाली उतरून हळूच म्हणाला, "वहिनी, ते रुसलेत."

"कशावर?"

"वांग्यावर."

सरपंच धावत आले. "पाव्हणं, चुकलं आमचं. उद्या बोकड पाडू." ड्रायव्हर समोरच्या काचेतून सरळ बघत राहिला. रुसलेल्या माणसाची समजूत त्याच्या पाठीमागून काढता येत नाही, म्हणून आत बसलेले सगळे एकेक करून उतरले आणि त्याच्या खिडकीपाशी गोळा झाले. कुणी हात जोडले, कुणी चहाचा कप वर धरला. माझं डोकंच फिरलं.

"अहो भाऊ," मी ओरडले, "आमच्या घरात उद्याही वांगंच असणार! रुसायचं तर रुसा, पण गाडी चालवत रुसा!"

त्यानं गाडी सुरू केली आणि तो निघून गेला. आम्ही सगळे खाली. कंडक्टरही खाली, गळ्यात पिशवी अडकवलेला. तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. इतक्या वेळेवर ती गाडी कधीच सुटली नव्हती.

विटांच्या ट्रकवर बसून मी सव्वासातला गेटवर पोचले. टाइमकीपरनं घड्याळाकडे बोट दाखवलं.

"तळवड्याची बस तर पावणेसातलाच गेली. मी बघितली ना, अख्खी रिकामी होती."

"अहो, तेच तर सांगतेय."

"रिकामी म्हणजे बसायला जागा होती," तो म्हणाला आणि त्यानं तिसरा लेट मार्क मारला. उद्या कारखान्याच्या साहेबांना भेटायचं होतं.

याला आज वाढायचंच नाही, असं मी दिवसभर घोकत होते. पण पाळीचा दुसरा दिवस आमचाच होता. संध्याकाळी दोघं येऊन पानावर बसले. मी वांगं वाढलं आणि तोंडावर सांगितलं, "तुमच्या रुसण्यापायी माझी नोकरी गेली."

त्याचा घास हातातच राहिला. "तिसरा होता?"

"तिसरा."

सासूला कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, "अगं, जावायास्नी भाजी वाढ की." त्यानं मान खाली घालून सगळी भाजी संपवली आणि पुन्हा मागून घेतली. मला त्याची कणभर दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच आमच्या दारात हॉर्न वाजला. कारखान्यापाशी त्यानं गाडी थांबवली आणि खाकी कपड्यांतच माझ्याबरोबर साहेबांच्या खोलीत आला. कागद मागून घेऊन त्यानं लिहिलं: 'काल सकाळी मी वांग्याच्या भाजीवरून रुसलो होतो. बाई वेळेवर हजर होत्या.' खाली सही आणि बिल्ल्याचा नंबर.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "असलं कारण आमच्या यादीत नाही."

"मग यादीत घाला," तो म्हणाला.

साहेबांनी माझा लेट मार्क खोडला. कागदाची एक प्रत डेपोला पाठवावी लागेल, असंही म्हणाले. ड्रायव्हरचं पुढं काय होणार, हे मला तिथंच कळलं. 'राहू द्या साहेब' एवढे तीन शब्द मला बोलता आले असते. मी बोलले नाही. मला परमनंट व्हायचं होतं.

मी परमनंट झाले. मुक्कामाला दुसरा ड्रायव्हर आला. तो पुढ्यात येईल ते खायचा आणि सहाच्या ठोक्याला निघायचा. गावाला तो मुळीच आवडला नाही. सासू रोज विचारायची, "आपला जावाय कुठं गेला गं?"

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन मी डेपोत गेले. त्याला गाड्या धुवायला लावलं होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो एका बसची चाकं घासत होता. मला बघून त्यानं पाइप बंद केला.

"परमनंट झालात?"

मी मान हलवली. मग त्यानं डब्याचं झाकण उघडलं.

"परत वांगंच?"

मला हुंदका फुटला. तो बसच्या पायरीवर बसला, सगळा डबा संपवला आणि मग त्याच पाइपनं धुऊन मला परत दिला.