गाडीची डावी बाजू

मी जर्मनीला निघाले तेव्हा अप्पांनी पिकअप दोनदा धुतली. एकदा आदल्या संध्याकाळी, एकदा निघायच्या आधी. हौद्यात नवी ताडपत्री अंथरली, पुढे उदबत्ती लावली. तरी मासळीचा वास यायचा तो आलाच. हर्णै बंदरावरची मासळी बर्फात घालून खेडपर्यंत पोचवायची, हा अप्पांचा धंदा. त्याच गाडीच्या जिवावर मी इंजिनिअर झाले. पण मुंबईचा विमानतळ जवळ आला तशी मी म्हटलं, "अप्पा, इथंच थांबवा. पुढे फार गर्दी असते." गर्दी कसली नि काय! माझ्याबरोबर जाणाऱ्या मुली मोठ्या मोटारींतून उतरत होत्या, एवढंच. अप्पांनी गाडी बाजूला घेतली. बॅगा ओढत पुढे जाऊन मी मागे वळून पाहिलं, तर ते ओणवे होऊन गाडीखाली हात फिरवत होते. "गंज डोळ्यांनी दिसत नाही गो, बोटांनी बघायचा," हे त्यांचं नेहमीचं.

आता मी इंगोलश्टाटला गंजावरच पोट भरते. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पत्र्याचे तुकडे मिठाच्या धुक्यात ठेवायचे आणि कुठला लेप किती टिकतो ते बघायचं, हे माझं काम. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते गाडीच्या पोटाला चिकटून बसतं आणि पत्रा खातं. थोमासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि मी जळाऊ लाकडं आणायला म्हणून एक जुनी पिकअप घेतली. इथं पिकअप म्हणजे शौक. लोक कौतुकाने विचारतात आणि मी ऐटीत सांगते. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच.

दोन हिवाळ्यांमागे अप्पा आमच्याकडे आले. बॅगेत लुंगीत गुंडाळून उंडीच्या तेलाच्या दोन बाटल्या. आमच्याकडे होड्यांच्या लाकडाला लावतात ते हे तेल. अप्पा त्यात मेण वितळवून दर पावसाळ्याआधी गाडीला खालून लावायचे. एका रविवारी मी अजून अंथरुणात होते, तोवर अप्पांनी स्वयंपाकघरात तेल गरम केलं, गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन कोरडं पुसलं आणि जुनी सतरंजी टाकून खाली शिरले. घरभर तो उग्र वास. माझं डोकंच फिरलं.

मी खाली गेले तेव्हा शेजारचे क्रामर अंगणात उभे होते. भले गृहस्थ. आवाज न चढवता म्हणाले की फरशीवर तेल गळतंय, ते जमिनीतल्या पाण्यात जाईल, अंगणात गाडीचं काम करायची परवानगी नाही, आणि आज तर झोनटाग, विश्रांतीचा वार. त्यांचं बरोबरच होतं. "माझं चुकलं, मी आवरते," एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मी घाईघाईने जर्मनमध्ये बोलून गेले, "माफ करा, माझ्या वडिलांना काही कळत नाही. खेड्यातले आहेत."

माझी नऊ वर्षांची इरा शेजारीच होती. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमधूनच. अप्पा महिनाभर तिच्या मागे लागले होते, एक वाक्य तरी बोल म्हणून. त्यांनी गाडीखालून विचारलं, "काय म्हणाली गो आई तुझी?"

आणि इरा स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई म्हणाली, आजोबांना काही कळत नाही."

अप्पा बाहेर आले. ब्रश पुसला, बाटलीचं झाकण लावलं. "बरं," म्हणाले. गाडीची डावी बाजू झाली होती, उजवी राहिली. त्यानंतर आठ दिवस ते होते, पण गाडीकडे फिरकले नाहीत.

ते गेल्यावर मी उजव्या बाजूला दुकानातला उंटरबोडनशुट्झ, म्हणजे गाडीच्या पोटाला लावायचा काळा, जाड लेप मारला. खालचं मीठ न धुता. ओल आत अडकली की असा लेप पत्र्याला आतून सडवतो, हे मी ऑफिसात रोज लोकांना सांगते.

या वर्षी गाडी सरकारी तपासणीला नेली. तपासनिसाने उजव्या दाराखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो सरळ आत गेला. डावी बाजू मात्र धडधाकट. त्याने बोट फिरवून वास घेतला, "हे काय लावलंय?" मी म्हटलं, "असंच, एक तेल." तेव्हाही अप्पांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

त्या दुपारी शरम वाटून मी अप्पांना फोन लावला. उजवी सडली, तुमची बाजू टिकली, सगळं सांगितलं.

"आधी गोड्या पाण्याने धुतली होतीस का?"

"नाही."

"मग राहणार कशी?"

मी म्हटलं, "अप्पा, त्या रविवारी मी जे बोलले..."

"त्या दिवशी इरा किती छान मराठी बोलली गो," ते म्हणाले. "मी इथं सगळ्यांना सांगितलंय."



पत्रा जोडून घेतल्यावर मी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपात गाडी नेली, धुतली, आणि तळघरात ठेवलेल्या उरलेल्या बाटलीतलं तेल उजव्या बाजूला लावलं, बोटांनी चाचपत. शेजारी काम करणाऱ्याने वासाने नाक मुरडून विचारलं, हे काय? "माझ्या वडिलांचं तेल आहे," मी म्हटलं. इतकं सोपं होतं.

तुमच्यातले काही गावीच राहिलात, काही माझ्यासारखे निघून आलात. घर कशाला म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं घर हर्णैला आहे. तिथे एक म्हातारा माणूस मी काय बोलले ते कुणाला सांगत नाही, नात किती छान मराठी बोलली तेवढंच सांगतो.