पितृपक्षात अडकलेला स्ट्रायकर

आमच्या भागात एक गोष्ट गेली बरीच वर्षं फिरते आहे. एका गोलकीपरने स्वतःच्या खांद्यापायी क्लबवर तक्रार ठोकली, त्यामुळे क्लबवर नवे खेळाडू घ्यायची बंदी आली, मिटायच्या ऐन वेळी तो सहीवरून फिरला, आणि माथाडी वसाहतीतल्या एका सोन्यासारख्या स्ट्रायकरचं फुटबॉल सुरू व्हायच्या आधीच संपलं. गोष्ट चांगली आहे. तिच्यात स्वार्थी माणूस आहे, निष्पाप पोरगा आहे, शेवटी हळहळायला जागा आहे. अडचण इतकीच की ती खोटी आहे. हे मी खात्रीने सांगतो, कारण ती मीच रचली.

मी त्या क्लबचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हटल्यावर लगेच गॉगल डोळ्यांसमोर आणू नका. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर टिपणं लिहून मी निवृत्त झालो, खांदेश्वरला घरी बसलो, आणि बायकोला आठवड्याभरात माझा कंटाळा आल्यावर फुटबॉलकडे वळलो. अर्ज भरायचे, केळी आणायची आणि रेफरीशी गोड बोलायचं, हे माझं काम.

मालक खाडीकाठच्या गावातले. वडिलांची भातशेती आणि मिठागर शहराने घेतलं, त्याचा सूड म्हणून यांनी शहरभर इमारती उठवल्या. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. क्रिकेटची टीम परवडेना म्हणून त्यांनी फुटबॉलची घेतली, पण घेतली ती रीतसर, करारावरचे खेळाडू आणि खालच्या का होईना पण लीगमध्ये नाव. टीम त्यांच्या एका न विकल्या गेलेल्या इमारतीत राहायची. फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं की अख्खी टीम गच्चीवर. सराव रबाळ्याला, दोन कारखान्यांच्या मधल्या खडीच्या मैदानावर. बॉल भिंतीपलीकडे गेला की तिथला वॉचमन लेखी अर्ज मागायचा. तो मी लिहायचो. त्यातला माझा मायना आजही तोंडपाठ आहे.

त्या खडीवरच आमच्या गोलकीपरचा खांदा निखळला. हा शेठच्याच गावचा, टीमचा कॅप्टन, मला काका म्हणणारा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. करारात लिहिलेलं होतं की खेळताना झालेली दुखापत क्लबने बरी करून द्यायची. ते कलम मीच टाइप केलं होतं, कुठल्या तरी दुसऱ्या क्लबच्या करारावरून उतरवून. शेठना ते मुळी ठाऊकच नव्हतं.

"खांदा त्याचा, पडला तो," शेठ म्हणाले. "मी काय हाडांचा डाक्टर हाय? सोडा त्याला. दुसरा आना."

गोलकीपरला काढल्याचं पत्र गेलं आणि दुसऱ्या सकाळी टीम सरावाला आली, बूट घातले, लेस बांधल्या आणि पेनल्टी एरियात सत्यनारायणाला बसल्यासारखी मांडी घालून बसली. गोलकीपर हात गळ्यात अडकवून मधोमध. मी समजावायला गेलो. शिस्त, खेळाडूवृत्ती, क्लब म्हणजे कुटुंब, वगैरे सगळं बोलून झालं.

"काका," तो म्हणाला, "तुमी हापिसात असताना युनियनला होता ना? संपाला पन बसला होता. तुमीच सांगितलाय, छाती फुगवून."

"ते वेगळं होतं."

"कसा वेगला? तवा तुमचा खांदा ठीक होता म्हनून?"

सगळी टीम हसली. मीसुद्धा हसलो असतो, गोष्ट दुसऱ्या कोणाची असती तर. माझा संप खरा होता, त्यातून मिळालेलं सगळं मी अजून खातो आहे. म्हणूनच ते लागलं. त्या दिवसापासून तो मला नकोसा झाला. नवी टीम आणून त्याला दाखवायचंच, असं मी ठरवलं.

पण नवे खेळाडू मिळेनात. फुटबॉलवाल्यांचं जग लहान, आणि व्हॉट्सअॅपने ते आणखी लहान केलं आहे. मी फोन करायचो आणि पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "तुमच्याकडे पोरं बसलीयेत ना, भाऊ?" एका मिडफिल्डरने सांगितलं, "तुमचा गोलकीपर या म्हणाला तर येतो." दुसऱ्याने फोनच उचलला नाही, फक्त हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तेव्हा मला कळलं की संपातला खेळाडू मैदानावर एकही गोल अडवत नाही, पण गावात येणारी प्रत्येक गाडी अडवतो.

शेवटी स्ट्रायकर सापडला तो कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतल्या स्पर्धेत. मूळ सातारचं घर. विशीचा पोरगा, डावा पाय असा की बघणाऱ्याने पान थुंकायचं विसरावं. वडील तुर्भ्याच्या मार्केटमध्ये कांद्याची पोती वाहायचे, टोळीचे मुकादम. मी घरी गेलो. चहा आला, पोरगा दाराआड उभा राहिला. वडिलांनी पहिलाच चेंडू जाळीत मारला.

"तुमच्यात काम बंद हाय म्हणं?"

"बंद कसलं? थोडा गैरसमज आहे."

"गैरसमजानं गडी उन्हात बसत न्हाईत, सायेब. आमच्यात टोळी बसली असंल तर तिचं पोतं दुसरा गडी उचलत न्हाय. उचाललं तर त्याला पुना कुणी चा पाजत न्हाय. माजा पोरगा तसला, चा न मिळणारा व्हायचा न्हाय."

"पण त्याचं खेळायचं वय..."

"आदी त्यांचं मिटवा. मिटलं की त्याच दिवशी घिऊन जावा. नारळ मी फोडतो."

मी शब्द दिला. पुढच्याच आठवड्यात गोलकीपरने केलेल्या तक्रारीवर फुटबॉल संघटनेचा निकाल आला आणि त्यात, मायबोलीतून इंग्रजीत गेल्यासारखं, मुकादमांचंच म्हणणं होतं. गोलकीपरशी मिटवा, तोवर क्लबला एकही नवा खेळाडू नोंदवता येणार नाही. सोबत आठवण, की नोंदणीची मुदत अमुक तारखेला संपते.

शेठ आधी खवळले, मग मी त्यांना स्ट्रायकरचा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. तो त्यांनी पुन्हा पुन्हा लावला. "हा पायजे," म्हणाले, आणि एवढ्यावर भांडण मिटलं. ऑपरेशन क्लब करणार, करार पुरा करणार, टीम सरावाला उठणार. गोलकीपरने सही करून कागद माझ्याकडे दिला. फक्त शेठची सही बाकी होती. शेठनी उत्साहात गावच्या नाक्यावर स्ट्रायकरच्या स्वागताचा फ्लेक्सही लावला, त्यात स्ट्रायकरपेक्षा स्वतःचा फोटो मोठा.

कागद घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेलो. शेठनी पेन उघडलं. आणि माझ्या डोळ्यांसमोर पेनल्टी एरिया आला, ती हसणारी टीम आली. जिंकला हा, असं वाटलं. निदान पंधरा दिवस तरी लोंबकळू दे.

"आजच करायची सही?" मी म्हणालो. "नाही, पितृपक्ष लागलाय, म्हणून आपलं म्हटलं."

शेठनी पेनाला टोपण लावलं. तिवरांवर रात्रीतून भराव टाकताना ज्यांनी कधी पंचांग उघडलं नाही, त्या माणसाने दोन्ही कानांना हात लावले. "बरा झाला बोललात, साहेब. घटस्थापनेला करू. तवर तारीख जायची तं नाय?"

"वाढवतात हो. दरवर्षी वाढवतात."

हे मात्र मी खरंच मानत होतो. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाचा देवावर नसला तरी मुदतवाढीवर विश्वास असतो. वाढली नाही अशी मुदत मी पाहिलीच नव्हती. आणि जुनं भांडण मिटवणं हे शुभकार्य आहे की श्राद्धकर्म, हा प्रश्न त्या खोलीत कोणाला पडला नाही. पितरांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, करून टाक बाबा, आमच्या नावावर कशाला खपवतोस.

शेठच्या वडिलांच्या श्राद्धाला मी जेवायला होतो. कावळा पानाला शिवेना. वडे झाले, खीर झाली, आंबाडीची भाजी झाली, कावळा कठड्यावर बसून मान वाकडी करून बघतोय.

"बापाला माझ्या स्ट्रायकर पायजे वाटतं," शेठ म्हणाले, आणि हात जोडून मोठ्याने बोलले, "बाबा, घट बसले की सही करतो!"

कावळ्याने झडप घालून वडा उचलला. सगळे हसले. मी खीर पुन्हा मागून घेतली.

मुदत वाढली नाही. त्या वर्षी संघटनेत कोणी नवा, वक्तशीर माणूस आला होता. अशी माणसं देशाचं किती नुकसान करतात! मी पोर्टल उघडलं तर नव्या नोंदणीचं बटण करडं झालेलं. लिफ्ट येत नसताना माणसं दाबतात तसं मी ते दाबत राहिलो.

शेठना सांगितलं, तेव्हा त्यांनी दोन शिव्या हासडल्या आणि तो कागद फाडला. "आता स्ट्रायकरच नाय तं खांदा कशाला दुरुस्त करू?" शेठच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. त्यांना फुटबॉलमधून बाहेर पडायला निमित्त हवंच होतं. क्लब बंद करून मैदानावर त्यांनी ट्रक उभे केले.

मग माझी पाळी आली. स्ट्रायकरच्या वडिलांना काय सांगायचं? पितृपक्षाची कल्पना माझी होती, हे सांगायला जीभ वळेना. मी म्हणालो, "गोलकीपर ऐन वेळी फिरला. सही करेना." आणि गोलकीपरला सांगितलं, "शेठ फिरले." दोन्ही वाक्यं एकाच दिवशी, एकाच रिक्षाच्या फेरीत. पुढे लोकांनी विचारलं की मी तीच गोष्ट रंगवून सांगायचो, हातवाऱ्यांसकट. मुकादमांनी ती टोळीत सांगितली, टोळीने मार्केटभर.

गोलकीपरने खांद्याचं ऑपरेशन बायकोचं सोनं मोडून केलं. हात पुन्हा डोक्यावर पुरता गेला नाही. स्ट्रायकरने दुसऱ्या वर्षी कुठे कुठे चाचण्या दिल्या, मग कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर झाला. आता पोट सुटलंय आणि टेनिस बॉलचं क्रिकेट खेळतो. माझ्यासारख्याला याहून कडक शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली नसती. शेठ आता स्वतःच पितृपक्षात जेवायला येणाऱ्यांत आहेत. त्यामुळे खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटाच उरलो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात आराम वाटत होता.

या वर्षी गोलकीपरने वसाहतीच्या मैदानावर सकाळी पोरांना फुटबॉल शिकवायची परवानगी मागितली. फी नाममात्र. मैदान वसाहतीच्या कमिटीचं, आणि कमिटीचे अध्यक्ष मुकादम, आता निवृत्त. त्यांचा मला फोन आला.

"सायेब, रविवारी या. त्यो गोलकीपर अर्ज घिऊन आलाय. माज्या पोराचं वाटोळं केलं आन् आता वसाहतीतल्या पोरांस्नी शिकिवणार म्हणं! तुमी काय झालं त्ये चारचौघांत सांगा. तुमास्नी सगळं ठाव हाय."

साक्षीदार म्हणून बोलावलं होतं मला. माझ्याच खोट्याचा साक्षीदार. कारण न विचारताच बायको म्हणाली, "ताप आलाय सांगा." मी थर्मामीटरही शोधला.

पण गेलो. कमिटीच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गणपतीचा फोटो, पंखा. गोलकीपर एका कडेला, केस पांढरे झालेले. मला बघून उठला आणि म्हणाला, "या, काका." तोच तेवढा उठला. स्ट्रायकर दाराशी टेकून मोबाइल बघत होता.

"बोला, सायेब," मुकादम म्हणाले.

मी बोललो. आधी कलम, मग संप, मग सही, मग पेन, मग पितृपक्ष, मग रिक्षा. हातवारे मात्र या वेळी जमले नाहीत.

मग गोलकीपर म्हणाला, "म्हंजे शेठनी पेन उघडला होता?"

"हो."

"सही करनार होता?"

"करणारच होते."

त्याने बरा असलेला हात तोंडावरून फिरवला. "मी त्या मानसाच्या मयताला गेलो नाय, काका. गावात राहून. बायको बोलली चला, आपल्या भावकीतला हाय. नाय गेलो."

याचा मी कधी विचारच केला नव्हता. एका माणसाचं नाव खराब केलं एवढंच माझ्या खाती होतं. मी दोन माणसांची नावं खराब केली होती.

स्ट्रायकरने मोबाइल खिशात टाकला. "टेन्शन नका घेऊ, काका. तसा मी निम्मा वेळ ऑफसाइडच असायचो," असं म्हणून तो बाहेर निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला तिथे बसणं सोपं गेलं असतं.

"पितरं सपनात आली व्हती का वं तुमच्या?" मुकादमांनी विचारलं. "आमच्या पोराला थांबवा म्हणाली?"

त्यांनी अर्जावर जागच्या जागी मंजुरी लिहिली, तो गोलकीपरपुढे सरकवला आणि त्याच्या पायांशी वाकू लागले. गोलकीपरने त्यांना मध्येच धरलं, दुखऱ्या हातानेच. मग ते माझ्याकडे वळले.

"हितं सांगून भागत न्हाय. ही गोष्ट मार्केटात हाय. मीच निऊन टाकली, तुमच्या तोंडची. उद्या सकाळी कांदा मार्केटच्या गेटावर या."

मी गोलकीपरकडे पाहिलं, तो काही म्हणेल म्हणून. "जावा, काका," तो म्हणाला. "आनि माझ्या ग्राउंडवर येऊ नका. निदान हे वर्ष तरी."

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी मला गाळ्यागाळ्यांतून फिरवलं. पाठीवर पोतं घेतलेली माणसं थांबत नाहीत, म्हणून मला त्यांच्याबरोबर चालत बोलावं लागलं. कोणी म्हणालं, "आजोबा, बाजूला व्हा." कोणी पूर्ण ऐकून फक्त थुंकलं. एक जण पोतं थप्पीवर टाकून, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"म्हंजी त्यो गोलकीपर सही करून मोकळा झाला व्हता?"

"हो."

"मंग आमी त्याला इतकी वर्सं कशापायी शिव्या दिल्या?"

"मी सांगितलं म्हणून."

"आन् तुमास्नी कुणी सांगितलं व्हतं?"

"कुणीच नाही."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गमछ्याने मान पुसली आणि पुढचं पोतं घ्यायला गेला. मी तिथल्या रिकाम्या बारदानावर जरा टेकणार होतो.

"बसू नका," मुकादम म्हणाले. "अजून बटाट्याची बाजू ऱ्हायली हाय."