आधी तुमचा माल

चांगुणाबाय खालापूरच्या बाजारात मासळी विकायला यायची, पण मासळीवरचं फडकं ती सगळ्यात शेवटी काढायची. आधी गोणपाटाचं एक बोचकं सोडायची आणि त्यातलं एकेक काढून रस्त्याच्या कडेला मांडायची. तुटकी चप्पल, बाहुलीचा हात, तेलाचा डबा, औषधाच्या बाटल्या, साबणाच्या डब्या. गिऱ्हाईक ताटकळत उभं. कुणी म्हणायची, "बाय, बोंबील दाखव की गं, घरी भात लावून आलेय." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "थांब जरा. आधी तुमचा माल, मंग माजा."

हा माल तिच्या जाळ्यात आलेला असायचा. ती पेणच्या बाजूला खाडीकाठच्या एका गावात राहायची. आमची पाताळगंगा खोपोलीकडून येते, खालापूरवरून जाते आणि पुढे तिच्या खाडीत उतरते. आम्ही वर टाकायचं आणि तिनं खाली उपसायचं, असा तो व्यवहार. लोक हसायचे. मीही हसायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी फार शहाण्यासारखा लिहायला लागलो तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

तिची आणि आमची ओळख तांब्यावरून झाली. पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मी नुकताच वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कापडदुकानात बसायला लागलो होतो. एक काळीसावळी, उभ्या अंगाची बाई पायरीशी आली. डोक्यावर पाटी, हातात तांब्या. "शेट, यावर नाव घातलंय. वाचा जरा, कोनाचं हाय." पुरात कुणाच्या तरी ओटीवरून वाहून गेलेला तांब्या तिच्या जाळ्यात सापडला होता. भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत. अण्णांनी चष्मा पुसून वाचलं. पलीकडच्याच आळीतल्या म्हातारीचा निघाला, तिच्या लेकाच्या बारशात आलेला. म्हातारीनं तांब्या छातीशी धरला आणि या बाईला घरात नेऊन जेवायला वाढलं.

तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर चांगुणाबाय काही ना काही घेऊन यायची. पाट, पोळपाट, एकदा तर आख्खा देव्हारा. अण्णा नाव वाचायचे आणि ती घर शोधत जायची. मी एकदा म्हटलं, "बाय, एवढी वणवण कशाला करतेस? ठेवून घे की!" तर माझ्यावरच उसळली. "नाव हाय म्हंजे मानूस हाय, बाला. मानूस हाय म्हंजे त्याला दार हाय. मी चोर हाय काय?" अण्णा गालात हसले आणि मला म्हणाले, "झालं समाधान?"

पुढे माल बदलला. सत्तर सालानंतर तांब्या-पाट यायचे थांबले आणि प्लॅस्टिक यायला लागलं. तिच्या लेखी फरक काहीच नव्हता. नाव असलेली वस्तू, तिला दार असणारच. दवाखान्याच्या चिठ्ठीची बाटली ती डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन आदळायची. एकदा शाळेतल्या एका मास्तरांची फुटकी बादली आणली. बादलीवर लाल रंगात त्यांचं नाव, त्यांच्याच वळणदार अक्षरात. मास्तर म्हणाले, "माझी नव्हे." "नाव तुमचं हाय, मास्तर." "असेल. पण बादली माझी नव्हे." ती बाहेर पडली. मग बादली घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसली आणि अण्णांना विचारलं, "अन्ना, तुमी नीट वाचलंव ना?" अण्णा म्हणाले, "मी नीटच वाचलं, बाय. तो खोटं बोलला."

त्या दिवशी तिच्या आवाजात जो कडवटपणा आला तो पुन्हा गेला नाही. भर बाजारात ओरडायची, "तांब्या परत दिला तवा जेवाया घालीत होता. आता आपलंच नाव वळखत नाय? पोरांना नाव ठेवता कशाला मंग?" लोकांना तमाशा झाला होता. "ए, आली बघ कचरेवाली," म्हणायचे. भाव करताना मात्र हीच माणसं तिला मावशी म्हणायची.

आणि अशात मी काय केलं? ऐंशीच्या सुमारास मुंबईहून छापील पिशव्या आणल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, वर निळं कमळ आणि खाली आमच्या दुकानाचं नाव. तालुक्यात पहिला मीच! अण्णा आयुष्यभर लुगडं वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळी बांधून देत आले. त्यांनी पिशवी हातात घेतली, ताणली, हुंगली. "ही भिजत नाही, फाटत नाही, कुजत नाही. मग हिचं होणार काय?" मी म्हटलं, "जाहिरात!" काय तोरा होता माझा. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सहा महिन्यांत चांगुणाबायच्या बोचक्यात निळी कमळंच कमळं. एका बाजारी तिनं जाळ्याचा तुकडाच आणला. खाडीत खुंटांना बांधतात ते पिशवीसारखं जाळं, त्याला डोल म्हणतात. पाणी आत शिरतं, आरपार जातं आणि मासळी मागे राहते. तिनं तो तुकडा माझ्या गादीवर पसरला. भोकाभोकात प्लॅस्टिक बसलेलं. "पानी जायाला वाट नाय. डोल फुगतं न् फाटतं. सून माजी दिसभर मासली नाय निवडीत, तुजी कमलं निवडते. बंद कर बाला ह्या पिशव्या. पाया परते." पाया पडते म्हणाली ती. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी बाई. आणि मी तिला उत्तर दिलं, "बाय, मी कापड विकतो. पिशवी लोक फेकतात. लोकांना सांग."

अण्णा आतून ऐकत होते. त्या रात्री त्यांनी आपलं ताट माझ्या शेजारून उचलून ओटीवर नेलं.

पुढच्या वैशाखात अण्णा गेले. ऐन लग्नसराई. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अस्थी नाशिकला नेतो असं मी आईला, बहिणींना, सगळ्या भावकीला सांगितलं आणि घरून निघालो. निघालो तो दुकानात; घरचे सगळे सुतकात, बाजाराकडे कुणी फिरकणार नव्हतं. दोन दिवस मडकं माडीवर तसंच. तिसऱ्या दिवशी पहाटे स्कूटर काढली. मडकं सांभाळत कुठं न्यायचं म्हणून अस्थींचं फडकं बाहेर काढलं, आणि डिकीत राख सांडू नये म्हणून ते फडकं पिशवीत घातलं. आमच्याच पिशवीत. घट्ट गाठ मारली. वरून वीजघराचं पाणी सुटतं, त्यामुळे आमची नदी उन्हाळ्यातही वाहती असते. पुलावर थांबलो, हात जोडले आणि पिशवी तशीच खाली सोडली. गाठ सोडायचं भान नव्हतं असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. भान होतं. घाई होती. दुकान उघडायचं होतं.

श्रावण सरता सरता चांगुणाबाय आली. बाजारात बसलीच नाही, थेट दुकानाच्या पायरीशी. पाटी नाही, बोचकं नाही. दुकानात चार-पाच बायका लुगडी बघत होत्या. तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं, "अन्ना गेलं म्हनं?"

"हो बाय. वैशाखात."

"कुठं सोडलंस त्याला?"

"नाशिकला," मी म्हटलं. बायकांना ऐकू जाईल अशा बेतानंच म्हटलं.

पंचवीस वर्षांत ती पायरीच्या वर कधी चढली नव्हती. त्या दिवशी चढली. कनवटीची एक घडी काढली आणि गादीवर माझ्यापुढे ठेवली. धुतलेली, वाळवलेली, चारदा दुमडलेली पिशवी. वर निळं कमळ.

"तुजी पिशवी. आत होता त्याला मी सोडला," ती म्हणाली. आवाज एकदम खाली. "फडक्याची गाठ सोडली, हातानं सोडला. भरती होती तवा थांबले. ओहोटी लागल्यावर सोडला, परत येऊ नये म्हनून."

 मी विचारलं ते हे, "अण्णाच होते कशावरून?" काय निर्लज्ज असतो माणूस!

तिचे डोळे पेटले. "तुज्या दुकानाची पिशवी, आत जललेली हाडं. आनि कोन असंल? कोनाच्या बापाला मी हात लावला, सांग तूच!" बायका लुगडी खाली ठेवून बघायला लागल्या. तिनं पुन्हा आवाज आवरला. "मास्तर बरा तुज्यापरीस. त्यानं बादली नाकारली. तू बाप नाकारलास. तीन दिस आमी डोल टाकलं नाय, ऐन मासलीच्या दिसांत. माज्या हातानं गेला, सुतक मीच पालनार ना?"

आणि ती पायऱ्या उतरून गेली. पिशव्या देणं मी त्याच दिवशी बंद केलं, उरलेले गठ्ठे बांधून ठेवले. बाजारपेठेत सांगून पाहिलं, "अरे, नका देऊ." शेजारचा भांडेवाला म्हणाला, "का रे, तुला काय झालं? तूच तर चालू केल्यास." खरंच होतं. आमची गिऱ्हाइकं त्याच्याकडून पिशवी मागून आणायची आणि तिच्यात आमचं कापड घालून न्यायची. मी वर्तमानपत्र आणि सुतळी घेऊन बसलो होतो. चिडायचो, ओरडायचो. आता लोक मला हसायचे.

चांगुणाबाय त्यानंतरही बाजारात आली, माल मांडत राहिली. माझ्याशी बोलायची, पण बाला म्हणायची नाही. शेट म्हणायची. पाटीतली मासळी दर वर्षी कमी आणि बोचकं मोठं. मग एका वर्षी ती आलीच नाही. पंच्याऐंशीच्या सुमारास तिच्या गावच्या दुसऱ्या मासळीवालीनं सांगितलं, "चांगुनाबाय गेली. परवा दहावा हाय."

मी गेलो. तीस वर्षं जिच्याबद्दल ऐकत आलो ती खाडी पहिल्यांदा पाहिली. काठच्या तिवरांवर, म्हणजे चिखलात उगवतात त्या झाडांवर, पानं कमी आणि पिशव्या जास्त. तिचं डोल खुंटावर सुकत पडलेलं. मुलगा आता विटांच्या भट्टीवर जात होता. माणसं ओहोटीची वाट बघत बसली होती. पाणी फिरलं तसा मुलगा कमरेइतक्या पाण्यात उतरला. मडकं त्यानं हळूहळू, हात घालून, रिकामं केलं. राख पाण्यावर पसरली, दोन हात पुढे गेली आणि तिवराच्या मुळांशी अडकलेल्या पिशव्यांच्या लगद्यात जाऊन थांबली. आयुष्यभर दुसऱ्यांचं दुसऱ्यांना पोचवणारी बाई, आणि तिला जायला वाट नाही!

माझं डोकंच फिरलं. कपड्यांसकट चिखलात उतरलो आणि हाताला येईल ते ओढून काठावर फेकायला लागलो. कुणी मला थांबवलं नाही, कुणी मदतही केली नाही. तिची सून काठावर उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या शेट. आता काढाल. सांजच्या भरतीला पुन्ना येतील."

मी ओढतच राहिलो. राख सुटून पुढे सरकली. हातात एक पिशवी राहिली. चिखल पुसला.

सून वाकून बघत होती. तिलाही वाचता येत नव्हतं, पण दिवसदिवस निवडलेलं कमळ ती ओळखत होती. तरी विचारलं, "काय लिवलंय? कोनाची हाय?"

पाच वर्षांत कमळाचा निळा रंग जराही उतरला नव्हता.

"माझी," मी म्हटलं.

"मंग घेऊन जावा," ती म्हणाली.