नांग्या

परतूरजवळ दुधनेच्या काठावर खेकडे धरणारी ती बाई आठवली की अजून माझं डोकं फिरतं. तिच्यावर नव्हे. जहागिरीच्या शिपायावर, आणि त्याच्यापुढं रोज दातखिळी बसायची त्या माझ्यावर.

मी अंघोळीला जायचो तेव्हा ती काठावर बसलेली असायची. पाण्यात पाय घालत नसे. दोरीला कोंबडीचं आतडं बांधून बिळापाशी सोडायची आणि खेकड्यानं धरलं की तसूतसूनं ओढायची. "झटका द्यायचा न्हाई. त्याला वाटलं पाह्यजे, आपुनच घेऊन चाललो," असं म्हणायची. वर आला की नांग्या मोडून टोपलीत टाकायची, वर ओला पाला.

शिपाई यायचा, पाल्याखाली हात घालून मोठे खेकडे निवडायचा आणि फुकट न्यायचा.

एके दिवशी तो दुरून दिसला. तिनं जबडा आवळला. त्यानंतरचे चार खेकडे तिनं नांग्या न मोडताच टोपलीत टाकले आणि वर पाला पसरला.

"आज सगळी टोपलीच दे," तो म्हणाला. तिनं टोपली उचलून त्याच्या हातात दिली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी भांडायला उठलो, तर तिनं माझी बाही धरली.

शिपाई चालता चालताच पाल्याखाली हात घालत होता.

"गप ऱ्हा दादा," ती म्हणाली. "त्याला वाटू दे, आपुनच घेऊन चाललो."