एका कप्प्यात एकच

धाकटीचा नवरा म्हणजे उंटावरचा शहाणा. एकाही नोकरीत टिकला नाही आणि दर वेळी चूक मालकाचीच. थोरली त्याला तोंडावर ‘जावईबापू’ म्हणायची, पाठीमागे ‘आयतोबा’.

थोरलीचा धंदा मित्रकिडी वाढवण्याचा. घरामागच्या खोलीत ती पिकावरचा मावा फस्त करणाऱ्या अळ्या पोसायची आणि भाजीच्या मळ्यांना विकायची. ट्रेच्या एका कप्प्यात एकच अळी, खायला पतंगाची चिमूटभर अंडी, वर जाळी. कुंचल्याच्या टोकाने एकेक उचलून उचलून तिचे डोळे कामातून गेले होते.

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तशी धाकटी गयावया करत आली. “ताई, खोली यांच्यावर सोपव. या वेळी बघच तू.” थोरलीने नाक मुरडलं, पण बहिणीचं तोंड बघून नाही म्हणवेना. पुढच्या पैदाशीसाठी राखलेल्या सगळ्या अळ्या त्या ट्रेंमध्येच होत्या. त्या गेल्या की धंदा बसला. तिने जावईबापूंना हे सांगितलं आणि एका कप्प्यात एकच अळी ठेवायची, असंही बजावलं.

“अहो ताई, किडे तर सांभाळायचे, त्यात काय एवढं?” म्हणाला शहाणा.

काळा चष्मा लावून ती परतली, तर ट्रे धुऊन पालथे घातलेले आणि सगळ्या अळ्या एका टबात!

“एकेक जाळी काढा, लावा, कुणी सांगितलंय?” तो छाती फुगवून म्हणाला. “मी सुटसुटीत केलं. फक्त कमी दिसतायत. पळाल्या बहुतेक.”

“पळाल्या?” थोरली कडाडली. “एकमेकींना खाल्लंय त्यांनी! म्हणून तर वेगळं ठेवायचं सांगून गेले होते. काय दिवे लावलेत हो!”

“आता त्यांची जातच तसली, त्याला मी काय करणार?”

घ्या! आता अळ्यांचीही चूक. थोरलीला त्याची किळस आली. टबाच्या तळाशी मोजक्या, माजलेल्या अळ्या फिरत होत्या.

तेवढ्यात धाकटी आली. तिने टबात वाकून पाहिलं. आता ही डोळे पुसत नवऱ्याची बाजू घेणार, म्हणून थोरलीने चार शब्द ओठावर तयारच ठेवले होते.

धाकटीने ट्रे सरळ केले. “ताई, उरल्यात त्यांच्यापासून पैदास होईल?”

“होईल. वेळ लागेल.”

“मग मला शिकव.”

थोरलीने कुंचला कसा धरायचा ते दाखवलं. पहिली अळी कप्प्यात गेली, मग दुसरी.

“आणि मी काय करू?” जावईबापूंनी विचारलं.

धाकटीने मान वर केली नाही. “तुम्ही जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”