जीपला सायकल कुठं बांधावी

माझ्या जीपला सायकल बांधायची जागा ठरवण्यात माझी जेवढी अक्कल खर्ची पडली, तेवढी लग्नासाठी मुलगी बघतानाही पडली नव्हती. दोन्हीकडं निवड माझी, आणि भोगलं मात्र दुसऱ्यानं. बायकोबद्दल इथं लिहीत नाही. ती हे वाचणार आहे.

जीप सरकारी लिलावातली. कुठल्याशा खात्यानं तिचा जीव काढून घेतला आणि मग ती माझ्या गळ्यात घातली. वर ताडपत्रीचं हूड, मागं ट्रेलर ओढायचा जाडजूड हूक. ट्रेलर मात्र खात्यानं ठेवून घेतला होता, त्यामुळं हूक होता आणि ओढायला काही नव्हतं. ही जीप मी परभणी ते आमचं गाव अशी माणसं भरून चालवायचो. गाव जिंतूर रस्त्यावर, झरीच्या अलीकडं फाटा लागतो तिथून आत.

दादा, म्हणजे माझे वडील, शेजारच्या गावी शाळामास्तर होते. मी जीप घेतली तेव्हा ते रिटायर झाले होते. दर रविवारी सकाळी आपल्या काळ्या, चोवीस इंची सायकलवर ते परभणीला जायचे. विद्यापीठाच्या नामांतराचं भांडण चालू होतं तेव्हा. कधी धरणं, कधी बैठक, आणि काहीच नसलं तर विहारात त्यांच्या वयाचे चार-सहा जण मिळून पेपर वाचायचे आणि त्यावर भांडायचे. सकाळी जाताना त्यांना काही होत नसे. परतताना मात्र वारं समोरून यायचं, दमा उठायचा आणि छातीचा भाता वाजायला लागायचा. एकदा फाट्याच्या अलीकडं बाभळीखाली बसलेले मला सापडले. ओठ निळे पडलेले. मला बघून म्हणाले, "चेन उतरली होती."

चेन जागच्या जागी होती.

मायला मी हे सांगितलं, तशी ती म्हणाली, "येताना त्यायला जीपमधी घालून आनत जा. अन् सायकल बी आन. सायकल सोडून ते यायचे न्हाईत."

इथवर सोपं होतं. अडचण दादांच्या अटीची होती. गावच्या वेशीतून आत शिरताना ते सायकलवर असले पाहिजेत, स्वतः पायडल मारत. ते तरुण होते तेव्हा आमच्या वस्तीतल्या माणसानं सायकलवर बसून वेशीतून जायचं नाही असा गावचा रिवाज होता. सायकल घ्यायला मनाई नव्हती, बसायला होती. मास्तरकी लागल्यावर दादांनी ही सायकल घेतली. पहिल्याच दिवशी वेशीजवळच्या पारावर बसलेल्यांनी त्यांना खाली उतरवलं आणि पार संपेपर्यंत हातात धरून न्यायला लावली. दुसऱ्या दिवशी दादा उतरले नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. डाव्या भुवईवर एक खूण मात्र होती. त्यानंतर ते त्या वेशीतून पायी कधी आत आले नाहीत. आमची वस्ती गावाच्या पलीकडच्या टोकाला, वाट तीच एक. दुसरी नाल्यातून जायची, ती जीपच्या कामाची नव्हती.

मी शहाणपणा करून बघितला. म्हणालो, "दादा, जीपमधी बसूनच जाऊ की आत. सायकलीपेक्षा जीप मोठी. आता कुणाची हिंमत हाय उतरवायची?"

"जीपमधी तू मला नेतोस," दादा म्हणाले. "सायकलवर मी जातो."

मी परभणीत जिंतूर रोडवरच्या वेल्डिंगवाल्या चाचांकडं गेलो.

चाचांनी जीपभोवती एक चक्कर मारली. "किसकी सायकल बांधना है?"

"वडिलांची."

"अब्बा की? तो फिर छत पर डालो बेटा. बड़ों की चीज ऊपर रैती. पीछे लटकाए तो लोगां समझेंगे, गाड़ी बंद पड़ गई, सायकल खींच रई."

हे मला इतकं पटलं की बाकी विचार करायचं मी बंदच केलं. चाचांना टपावर हवी होती त्याचं कारण पुढं कळलं. त्यांच्याकडं एका लग्नासाठी केलेला लोखंडी पलंग पडून होता. लग्न मोडलं, पलंग कुणी नेला नाही. त्याचे पाय वाकवून त्यांनी तो माझ्या जीपवर चढवला. दुरून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस झोपायची सोय घेऊन फिरतोय. सायकल वर चढेल का, एवढंच मी बघितलं होतं. उतरणार कशी, हा प्रश्न मला पडला नव्हता.

त्या रविवारी दादांनी जीप बघितली आणि म्हणाले, "माझी तिरडी आत्तापासूनच बांधून ठेवलीस का?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मी सायकल वर चढवली आणि बैलाच्या नाड्यानं अशी आवळली की वादळ आलं तरी हलू नये.

वेशीच्या अलीकडं दादांनी जीप थांबवायला लावली. ते उतरले. मी टपावर चढलो. रस्त्यानं धक्के खाऊन गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. नखं लावली, दात लावले. खाली जीपमधली माणसं कुरकुरायला लागली, "अरे, दळन घेऊन बसलो की आमी." आणि दादा खाली उभे. वेशीसमोर, पायी, हात मागं बांधून. मी जेवढी घाई करावी तेवढी गाठ माझ्यावर रुसावी. पारावरचे सगळे तोंड वर करून माझा खेळ बघायला लागले. मग त्यांची नजर खाली आली. दादांच्याच वयाचे एक काका तिथं रोज बसायचे. ते म्हणाले, "काय मास्तर? आज पायी का?"

मी नाडा कापून टाकला. सायकल हँडलच्या बाजूनं घसरली आणि दाणकन खाली आली. डायनामोचा चुरा झाला, हँडल वाकडं झालं. दादांनी पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं, टांग टाकली आणि गेले. त्यांचा श्वास मला टपावर ऐकू येत होता.

ज्या जागी त्यांना कुणीतरी एकदा उतरवलं होतं, तिथं मी त्यांना बराच वेळ उभं करून ठेवलं, आणि तेही चाचांना पैसे मोजून. माय मला रात्रीची भाकरी वाढताना एवढंच म्हणाली, "तुला कामून एवढी उंच हौस असती रे?"

चाचांकडं परत गेलो. ते म्हणाले, "मैं तो पहले ही बोला था, पीछे लगाओ." मी भांडलो नाही. या वेळी त्यांनी मागच्या हुकात एक पाइप उभा बसवला आणि त्याला दोन हात काढले. हातांना जुन्या ट्यूबचे पट्टे. सायकलीचा दांडा त्या हातांवर ठेवायचा, पट्टे आवळायचे, झालं. उतरवायला नाडा नाही, चढणं नाही. मी खूश. फक्त माप घेताना दादांची सायकल तिथं नव्हती. दुकानासमोर कुणाची तरी लेडीज सायकल उभी होती, तिच्यावर माप घेतलं. बिनदांड्याच्या सायकलीवर दांड्याचं माप! असली हुशारी फक्त आमच्याकडंच मिळते, माझ्यात आणि चाचांत वाटून.

दादांची सायकल त्या हातांवर खाली लोंबली. मागचं चाक थेट सायलेन्सरच्या तोंडासमोर. परभणी ते फाटा एवढा वेळ ते टायर बिचारं शेकत होतं. फाट्यावर वळलो आणि मागं बार उडाला. जीपमधली सगळी माणसं खाली वाकली. तसे दिवस होते. आवाज झाला की आधी वाकायचं आणि मग विचारायचं. गावोगाव काय काय होऊन गेलं होतं. मीही स्टिअरिंगखाली डोकं घातलं. एकटे दादा ताठ बसून होते.

"टायर गेलं," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यावरचं संकट टळलं, वर ये."

वेशीशी त्यांनी सायकल स्वतः उतरवली आणि फुटल्या टायरवर बसून आत गेले. रिमचा खडखडाट गावभर. पारावरचे काका म्हणाले, "मास्तर, आज बँड बी आनला का संगं?"

"आणलाय की," दादा पायडल मारतच म्हणाले. "नाचायचं असंल तर या."

पार हसला. काकाही हसले. त्या दिवशी मी पारासमोरून जीप नेली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं, हे खरं. माझ्या चुकीतून झालेलं तेवढंच एक बरं काम.

मग चाचांकडून पाइपाचे हात उलटे करून वर उचलून घेतले, आणि जमलं. पुढं बरेच रविवार काही बिघडलं नाही, म्हणजे मला सांगण्यासारखं काही घडलं नाही. दादा पट्टे स्वतः सोडायचे. मी हात लावला की म्हणायचे, "तू गाडी बघ." फाट्यावर आलं की "थांबव" म्हणायचे, उतरायचे आणि फाट्यापासून गावापर्यंत सायकलवर जायचे. मी मागून रमतगमत जीप आणायचो. माणसं चिडायची. मी इंजिन गरम झाल्याचं सांगायचो.

एका हिवाळ्यात दादांनी फाट्यावर थांबायला सांगितलंच नाही. ओढ्याच्या पुलावर सांगितलं. मी विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात पूल मागं गेला आणि शाळेची भिंत आली तेव्हा म्हणाले, "थांबव." नंतर शाळाही मागं गेली. आता वेशीच्या तोंडाशी थांबायचं, पारासमोरून जायचं, आणि पार संपला की पहिल्याच वळणावर, जिथून पार दिसत नाही, तिथं ते सायकल भिंतीला टेकवून उभे असायचे. मी मागून यायचो, सायकल हुकावर चढवायचो आणि दोघं घरी जायचो. यावर आमच्यात एक अक्षर बोलणं झालं नाही. मायलाही मी सांगितलं नाही. तिला अंगणातून जीपचा आवाज यायचा आणि मागं सायकल दिसायची. तिला काय कळायचं ते कळत असणार.

असल्याच एका रविवारी विहारात बसल्या बसल्या दादांना धाप लागली ती थांबेना. सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर बरेच दिवस उद्या बघू, परवा बघू करत राहिले आणि मग म्हणाले, घरी न्या. आता घरीच राहू द्या. सायकल तोवर विहाराच्या ओट्यावर उभी होती. मी ती आणून हुकावर चढवली. दादांना पुढं माझ्या शेजारी बसवलं. जीपमध्ये दुसरं कुणी घेतलं नव्हतं.

वेशीशी ते म्हणाले, "थांबव."

मी थांबवली. त्यांनी एक पाय खाली टेकला. हूडचा पाइप धरून उभे राहिले. पाइप सोडेनात. मी उतरून त्यांच्या बाजूला गेलो तेव्हा ते पुन्हा सीटवर बसले होते.

"तू ने," ते म्हणाले.

"काय?"

"सायकल. तू चालवत ने. घरी लाव अन् ये. मग जीप आण."

"दादा, तुमाला इथं एकट्याला सोडून..."

"मी कुठं पळायलोय?"

मी पट्टे सोडले. सायकल उतरवली. गेली कित्येक वर्षं मी सायकलवर बसलो नव्हतो, आणि ही माझ्या मानानं उंच. दोनदा टांग चुकली. तिसऱ्यांदा बसलो आणि डुगडुगत वेशीतून शिरलो. म्हटलं, दादांचं काम आहे, झोकात करू. छाती काढली. घंटी वाजवली. पारासमोर आलो तशी मुद्दाम सावकाश केली.

पारावर कुणी नव्हतं. काकांना लकवा होऊन वर्ष झालं होतं, ते घरात पडून असायचे. बाकीच्यांतले काही गेले होते, काही पोरांकडं परभणीला. इतके दिवस मी तिथून जीप काढत होतो आणि पार कधी रिकामा झाला ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी सायकलकडं बघायचो, दादांकडं बघायचो. पारावर आता पोती अंथरली होती आणि एक बाई त्यांवर लाल मिरच्या पसरत होती. मिरच्या पारावर मावल्या नाहीत म्हणून अर्ध्या खाली वाटेवर आल्या होत्या.

माझी घंटी ऐकून तिनं वर बघितलं. "जीप कवा निघनार हाय परभनीला?"

"आज न्हाई," मी म्हणालो.

सायकल घरी भिंतीला लावली. माय बाहेर आली, सायकल बघितली, माझ्या मागं बघितलं. "आनतो," म्हणालो आणि चालत परत निघालो.

दादा तसेच बसले होते. "नेलीस?"

"नेली."

"पारावर कोण होतं?"

मी आयुष्यभर थापा मारत आलेला माणूस. जीप निघायला तासभर असला तरी 'निघतीच आता' म्हणणारा. दादांसाठी दहा म्हातारे पारावर बसवायला मला काय लागत होतं? काकांना खडखडीत बरं करून एक टोमणा मारायला लावला असता. पण त्या दिवशी तोंडातून नेमकं खरं आलं.

"कुणी न्हवतं दादा. मिरच्या वाळू घातल्यात."

दादा म्हणाले, "कुणाच्या?"

"इचारलं न्हाई."

"बरं. चल."

मी जीप सुरू केली. बाईनं लगबगीनं वाटेवरची पोती बाजूला ओढून आम्हाला जागा करून दिली. पोती ओढताना मिरच्यांची भुकटी उडाली, ठसका थेट गाडीत आला आणि दादांचा दमा उठला. मी एका हातानं त्यांची पाठ धरली आणि दुसऱ्या हातानं जेवढी जोरात काढता येईल तेवढी जीप काढली. पार संपेपर्यंत दादा गुडघ्यांवर ओणवे होऊन खोकत होते. मान वर करायला त्यांना जमलं नाही.